पन्नाशीच्या मनगटाशी बोलताना

लग्नाचा बस्ता बांधून झाला की रात्री साडेआठच्या सुमाराला असं एक कुटुंब दुकानात येतंच. नवऱ्या मुलीच्या दोन्ही हातांत पिशव्या, आईच्या हातात यादी आणि सगळ्यांच्या मागे वडील. शालू झालेला असतो, विहिणीची पैठणी झालेली असते, जावयाचं घड्याळ, मामाचा आहेर, सगळं झालेलं असतं. यादीच्या तळाशी लिहिलेलं असतं, 'बाबांचा पट्टा'. सेल्समन चार पट्टे काउंटरवर टाकतो. वडील एकालाही हात न लावता म्हणतात, "कुठलाही चालेल."

लहान आणि मध्यम दुकानांसाठी जाहिरातीचा मजकूर लिहिणं आणि काउंटरवरच्या मुलांना शिकवणं, हे काम मी बावीस वर्षं करतो आहे. घड्याळं, चामड्याचा माल, चष्मे, पादत्राणं. नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत ज्या ज्या काउंटरशी बसलो, तिथे हे दोन शब्द ऐकले. बहुतेक दुकानदार त्यांचा अर्थ 'याला रस नाही' असा लावतात आणि हाताला येईल तो पट्टा बिलाला लावतात. मला तो अर्थ पटत नाही. घराचे हप्ते, मुलांच्या फिया, आईवडिलांची औषधं या सगळ्यांमागे पंचवीस वर्षं स्वतःचा नंबर लावत आलेल्या माणसाची ती सवय आहे. पट्टा त्याला हवा असतो. आपल्यासाठी निवडत बसायचा त्याला संकोच असतो.

म्हणून पंचेचाळीस ते साठ या वयाच्या पुरुषाला घड्याळ, पाकीट, पट्टा, गॉगल, अंगठी किंवा भिकबाळी विकायची तर भावनेला हात घालावाच लागतो. तो कुठे घालायचा, हा खरा प्रश्न. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. वय झाल्याच्या भीतीला हात घालू नका. कुणीतरी आपली दखल घेतली आहे, हे त्या माणसाला कळू द्या. रोजच्या धंद्यात हे कसं साधायचं, ते आता बघू.

पाकीट कुणाचं, पसंती कुणाची

या मालात वापरणारा आणि विकत घेणारा ही बहुधा दोन वेगळी माणसं असतात. शर्ट स्वतः घेणारा पुरुषसुद्धा पाकिटाची शिवण उसवून आतली चिल्लर खिशात सांडू लागेपर्यंत ते बदलत नाही. बदललं जातं ते बायकोमुळे, लेकीमुळे, बहिणीमुळे. तेव्हा तुमची निम्मी जाहिरात त्यांच्याशी बोलणारी असायला हवी.

आपल्या देशात हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट ओळखलं ते टायटनने, असं मी मानतो. 1984 साली टाटा आणि तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ यांच्या भागीदारीत ही कंपनी उभी राहिली, तेव्हा बाजारावर एचएमटीचा पगडा होता. घड्याळ म्हणजे वेळ बघायचं यंत्र, एकदा घेतलं की पुढची वीस वर्षं बघायला नको, अशी घरोघरी समजूत. टायटनने मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीची धून उचलली आणि कुणीतरी कुणाला तरी घड्याळ देतं आहे, असं कंपनी जाहिरातींत दाखवत राहिली. एका जाहिरातीत निरोप घेणाऱ्या प्राध्यापकांसाठी वर्गातली मुलं बाकं वाजवून तीच धून उभी करतात. घड्याळ किती अचूक चालतं, याचा त्यात उल्लेखही नाही.

तुमच्याकडे मोझार्ट नाही, जाहिरातीला कोटभर रुपये नाहीत. पण तुमच्याकडे काउंटर आहे, आणि काउंटरवर प्रश्न विचारता येतात. "तुमच्या बाबांना कोणत्या रेंजमध्ये दाखवू?" हा प्रश्न सगळेच विचारतात आणि त्याने काहीच घडत नाही. त्याऐवजी विचारा: पाकीट मागच्या खिशात ठेवतात की पुढच्या? स्कूटर चालवतात का? चष्मा खिशात असतो की गळ्यात? घड्याळ झोपताना काढतात का? या प्रश्नांनी योग्य वस्तू सापडते हे झालंच. शिवाय उत्तर देता देता विचारणाऱ्या मुलीच्या डोळ्यांसमोर तिचा बाप उभा राहतो.

साताऱ्यातल्या एका दुकानात मी हे पाहिलं. पंचविशीतली मुलगी वडिलांसाठी पाकीट घ्यायला आली होती. काउंटरवरच्या मुलाने सरळ विचारलं, "ते पाकिटात काय काय ठेवतात?" ती सांगू लागली. विठोबाचा छोटा फोटो, आधार कार्डाची झेरॉक्स, एलआयसीच्या एजंटाचं कार्ड, पेट्रोलच्या पावत्या, आणि माझा तिसरीतला फोटो. एवढं बोलून ती थांबली. मग तिने पारदर्शक कप्पा असलेलं, मनात ठरवलं होतं त्याहून तिप्पट किमतीचं पाकीट घेतलं. विक्रेत्याने वस्तूची स्तुती केलीच नव्हती. त्याने फक्त विचारलं आणि ऐकून घेतलं.

मुलं पुण्यात, बंगळुरूत, न्यू जर्सीत आणि आईवडील कराडला, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. फोनवर ऑर्डर येते, पैसेही फोनवरच येतात. अशा वेळी पार्सलमध्ये टाकायला एक ओळ त्या मुलाकडूनच मागून घ्या आणि तुमच्या हाताने कोऱ्या कार्डावर लिहा. छापील शुभेच्छापत्र नको. "बाबा, जुनं घड्याळ आता कपाटात ठेवा" एवढी ओळही पुरते, कारण ती त्या घरातली असते.

कोरून द्यायची सोय असेल तर तीही याच कारणासाठी वापरा. हॉलिवूडचा अभिनेता पॉल न्यूमन मोटारींच्या शर्यतींत उतरत असे. त्याची पत्नी जोॲन वुडवर्ड हिने त्याला एक रोलेक्स दिलं आणि पाठीवर जेमतेम तीन इंग्रजी शब्द कोरून घेतले: गाडी जपून चालव, आणि खाली 'मी'. 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्या घड्याळाला 1 कोटी 77 लाख डॉलरहून अधिक किंमत आली. अभिनेत्याचं नाव त्यामागे होतंच. पण त्या घड्याळाची गोष्ट सांगताना आजही लोक आधी ते तीन शब्द सांगतात. तुमच्या गिऱ्हाइकालाही नाव, तारीख यांच्या पलीकडे जायला सुचवा. घरात त्यांना काय म्हणून हाक मारतात? कोणतं वाक्य त्यांना रोज ऐकावं लागतं? मात्र मजकूर लिहून घ्या, ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्याच नजरेखालून घाला आणि मगच मशीन लावा. कोरलेला माल परत घेता येत नाही, हेही आधीच सांगा.

31 मे आणि इतर दिवस

पन्नाशीतल्या पुरुषाला स्वतःवर खर्च करायला निमित्त लागतं. ते त्याला शोधून देणं, हे तुमचं काम. इथे बहुतेक दुकानं फादर्स डेवर अडकून पडतात. आपल्या मातीतली निमित्तं जास्त खरी आहेत.

महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य माणसांचा कागदोपत्री वाढदिवस 1 जून असतो. नक्की तारीख घरच्यांना ठाऊक नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी 1 जून टाकत, कारण शाळा जूनमध्ये सुरू होई. सरकारी नियमाप्रमाणे महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय 58. म्हणजे दर वर्षी 31 मे रोजी शाळा, तहसील, पाटबंधारे, एसटी, झेडपी अशा कार्यालयांत निरोपसमारंभांची रांग लागते. वर्गणी काढलेली असते, शाल-श्रीफळ ठरलेलं असतं, आणि भेटवस्तू आणायला कुणीतरी 30 तारखेला धावत येतं. मेच्या पहिल्या आठवड्यातच त्या कार्यालयांपर्यंत तुमचं पत्रक पोचलं पाहिजे.

पण त्या पत्रकात 'आता निवांत आराम करा' असं लिहू नका. बत्तीस वर्षं सकाळी नऊचं मस्टर गाठलेल्या माणसाला आराम हा शब्द त्या दिवशी टोचतो. वर्गणी घेऊन आलेल्या सहकाऱ्यांना विचारा, साहेब उद्यापासून काय करणार आहेत? शेती बघणार असतील तर उन्हाची टोपी आणि चांगला गॉगल. वारीला जाणार असतील तर खांद्याला न रुतणारी पिशवी आणि पायाला न लागणाऱ्या चपला. नातवाला शाळेत सोडणार असतील तर घड्याळ जरूर द्या, कारण त्यांना अजून वेळेवर पोचायचं आहे. पुढच्या दिवसाकडे बोट दाखवणारी भेट त्या माणसाला आवडते.

दिवाळी पाडव्याला तो बायकोला ओवाळणी घालतो आणि भाऊबिजेला बहिणीला. दोन्ही दिवशी खिसा त्याचाच. त्याला काही मिळावं असं वाटत असेल तर वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात बायकांशी आणि बहिणींशी बोला. पंचावन्न वर्षांची बहीण पन्नास वर्षांच्या भावासाठी काही घेते, तेव्हा तिच्या मनात तो अजून दप्तर सांभाळायला लागणारा मुलगा असतो. त्या नात्याला शब्द कमी लागतात. अधिक मास साधारण 33 महिन्यांनी येतो. त्यातल्या धोंड्याच्या जेवणाला नव्या जावयाची हौस सगळेच करतात, वीस वर्षं जुन्या जावयासाठीही सासुरवाडीचं कुणीतरी येतं, त्याला वेगळं काहीतरी दाखवा. एकसष्टीची तयारी मुलं दोन-दोन महिने आधी करतात.

आणि एक निमित्त असं आहे की ज्याची जाहिरात मी अजून कुठल्याच दुकानात पाहिलेली नाही: घरकर्जाचा शेवटचा हप्ता. त्या दिवशी बँकेतून कागद घेऊन बाहेर पडलेला माणूस काही क्षण फुटपाथवर नुसता उभा राहतो. त्याला अभिनंदन म्हणणारं कुणी नसतं. एका घड्याळवाल्यासाठी मी चार ओळी लिहिल्या होत्या: "शेवटचा हप्ता फिटला? अभिनंदन. घर सगळ्यांचं झालं. आज एखादी वस्तू फक्त तुमच्यासाठी बघायला या. घ्यायलाच हवी असं नाही." शेवटचं वाक्य काढून टाकावं असं दुकानदाराचं म्हणणं होतं. मी ते ठेवायला लावलं. आयुष्यभर घासाघीस करून विचारपूर्वक घेणाऱ्या माणसाला नाही म्हणायची मुभा दिली, की तो मोकळेपणाने आत येतो.

जुन्या घड्याळाशी कसं वागावं

बंगळुरूला एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने 1961 मध्ये घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने तो घड्याळविभाग बंद करायचा निर्णय घेतला. मधल्या काळात 'जनता', 'पायलट', 'सोना' ही नावं आपल्या घराघरांत नांदली. आज जो पन्नाशीत आहे, त्याच्या कपाटात वडिलांचं असं एखादं किल्लीचं घड्याळ असतं. ते घेऊन तो तुमच्याकडे येईल. "हे आता चालायचं नाही काका, नवीन घ्या," असं जो म्हणतो त्याने गिऱ्हाईक कायमचं गमावलं.

ते घड्याळ दोन्ही हातांत घ्या. काच पुसा. कुणाचं, कधीचं, ते विचारा. दुरुस्त होणार असेल तर दुरुस्त करून द्या, नसेल तर निदान स्वच्छ करून नवा पट्टा घालून द्या. जुन्या घड्याळांना बहुधा 18 मिलिमीटरचा पट्टा लागतो आणि हल्लीचा बहुतेक माल 20 आणि 22 चा असतो, म्हणून 18 चे चांगले चामडी पट्टे मुद्दाम ठेवा. हा माणूस नवं घड्याळ तुमच्याकडूनच घेईल, आज नाही तर सहा महिन्यांनी.

मोठ्या कंपन्या याच धाग्यावर चालतात. जिनिव्हाची पाटेक फिलिप 1996 पासून वडील आणि मुलगा यांची छायाचित्रं छापते आहे. हे घड्याळ तुमच्या मालकीचं नाही, पुढच्या पिढीसाठी तुम्ही ते सांभाळता आहात, असा त्या जाहिरातींचा आशय. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसनने मध्यमवयाचं मुख्य काम म्हणून हेच सांगितलं होतं: पुढच्यांसाठी काहीतरी घडवणं, जपणं, सोपवणं. उलट 'मिडलाइफ क्रायसिस' हा शब्द 1965 साली एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने रूढ केला आणि जाहिरातवाल्यांनी तो फार उचलून धरला. लाल मोटार, चामडी जाकीट, हरवलेलं तारुण्य. माझ्या काउंटरवर मला एरिकसनचा माणूस शंभर वेळा भेटला, जॅक्सचा क्वचित.

मात्र वारशाची भाषा सरसकट वापरू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. सोलापुरातल्या एका दुकानासाठी मी 'वडिलांच्या घड्याळाची आठवण' अशा आशयाची जाहिरात लिहिली. ती वाचून एक गृहस्थ आले आणि शांतपणे म्हणाले, "माझे वडील गिरणीत होते. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. भोंग्यावर जायचे." ते रागावले नव्हते. पण त्या जाहिरातीत त्यांना जागा नव्हती. आपल्याकडे पन्नाशीतली लाखो माणसं घरातली पहिली पदवीधर, पहिली पगारदार आहेत. त्यांच्यासाठी वारसा मागून आलेला नसतो, तो त्यांच्यापासून सुरू होतो. त्यांना 'घराण्याची शान' सांगू नका. 'तुमच्या घरातलं पहिलं' असं म्हणा. हे शब्द मी नंतर वापरले आणि तेच गृहस्थ मुलाला घेऊन परत आले.

हाक, माप आणि आरसा

आता दुकानाच्या आतलं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस दारातून येतो आणि बाविशीतला सेल्समन म्हणतो, "या काका." त्या एका शब्दात बाहेरच्या सगळ्या जाहिरातीचं पाणी होतं. सर म्हणा, दादा म्हणा, कोल्हापूर-सांगलीकडे साहेब चालतं, विदर्भात भाऊ. त्यांनी स्वतः "अरे, मी तुझ्या काकासारखा" म्हटलं तरच काका. ही गोष्ट मी प्रत्येक दुकानात पहिल्या दिवशी शिकवतो.

दुसरी हाक त्याहून नाजूक. "वहिनींना फोटो पाठवून विचारा ना," असं सहज म्हटलं जातं. एकदा माझ्यासमोर एका विक्रेत्याने असं म्हटलं आणि समोरचा माणूस काही न बोलता अंगठी ट्रेमध्ये ठेवून निघून गेला. शेजारच्या दुकानदाराने मग सांगितलं, वर्षच झालं होतं त्यांच्या घरच्यांना जाऊन. तेव्हा घरात कोण आहे, कोण नाही, हे गृहीत धरून भावना जागवायला जाऊ नका. गिऱ्हाइकाने सांगितलं तेवढंच घ्या.

पोट, केस आणि डोळे या तीन गोष्टींवर तोंडाने काहीच बोलायचं नाही. ते काम मालाने करायचं. पट्टा साधारण पँटच्या कमरेपेक्षा दोन इंचांनी मोठा लागतो. कंबर 38 असेल तर पट्टा 40. हे माप दुकानभर ओरडून मागवलं जातं, तेव्हा त्या माणसाला मान खाली घालावीशी वाटते. 42, 44, 46 चे पट्टे त्याच फळीवर, त्याच चांगल्या डिझाइनमध्ये ठेवा. मागच्या खोलीतून शोधून आणावे लागणारे, एकाच काळ्या रंगातले पट्टे त्याला सांगतात की तू आमच्या हिशेबात नाहीस. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसू लागतं, म्हणून घड्याळ दाखवताना "अंक ठळक आहेत, उन्हातही वाचता येतात" एवढं पुरे. वाचनाच्या चष्म्यांची एक-दोन नंबरची जोडी काउंटरवर ठेवा. न मागता हलकेच पुढे सरकवा. वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरं त्याला स्वतः वाचता आली, की त्याचा तुमच्यावर विश्वास बसतो.

चित्रं निवडतानाही हेच. पंचविशीतल्या मॉडेलच्या कानशिलांवर पांढरा रंग लावून तो पन्नाशीतला होत नाही. खरा पन्नाशीचा हात घ्या, शिरा दिसणारा, नखांची ठेवण साधी असलेला. 1925 मध्ये ठाण्याच्या गिरणीपासून सुरू झालेल्या रेमंडने 'द कम्प्लीट मॅन' ही जाहिरातमालिका चालवली, तिच्यात संगीतकार शूमानची संथ धून होती आणि पुरुष कुणालाही जिंकत नव्हता. तो बाळाला जोजवत होता, कुणाची तरी काळजी घेत होता. आपल्या गावातले शिक्षक, फोटोग्राफर, बँकेतले कॅशियर यांना विचारा. परवानगी लेखी घ्या, मानधन द्या.

व्हॉट्सॲपवर जाणारा मजकूर मी नेहमी असा तपासतो, की तो वाचून माणसाला आपल्यात काही कमी असल्यासारखं वाटतं का? 'वय लपवा, तरुण दिसा, शेवटचे तीन नग' यात तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. त्या जागी एका चामड्याच्या दुकानासाठी लिहिलं होतं: "पाकिटाची शिवण उसवली आहे का? येताना जुनं पाकीट सोबत आणा. त्यात जे जे राहतं ते नव्यात बसतं का, इथेच बघून घेऊ." लोक खरंच जुनी पाकिटं घेऊन आले. काउंटरवर ती रिकामी करताना जे निघालं, त्यावर एक वेगळा लेख होईल.

कुठे हात घालू नये

भावनेला हात घातला की जबाबदारी वाढते. लेकीने पहिल्या पगारातून घेतलेला 'चामड्याचा' पट्टा सहा महिन्यांत पापुद्रे सुटून गळू लागला, तर नुकसान पट्ट्याचं होत नाही. बाप तो पट्टा टाकत नाही, तसाच वापरत राहतो आणि मुलगी रोज ते बघते. म्हणून रेक्झिनला रेक्झिन म्हणा, चुरा चिकटवून बनवलेल्या चामड्याला तसं सांगा. वारकरी आणि जैन कुटुंबांत बरेच जण चामडं वापरत नाहीत. त्यांच्यासाठी कॅनव्हासचा चांगला माल ठेवा आणि आधी विचारा.

अंगठ्यांबद्दल मला फार तळमळीने सांगायचं आहे. या वयात नोकरी डळमळीत असते, मुलांचं मार्गी लागलेलं नसतं, रक्तदाब सुरू झालेला असतो. अशा माणसाला साडेसातीची भीती घालून नीलम विकणारी दुकानं मी जवळून पाहिली आहेत. हा धंदा करू नका. अंगठी दागिना म्हणून विका, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची आठवण म्हणून विका. सोन्याची असेल तर 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरांकांचा हॉलमार्क क्रमांक बंधनकारक आहे. तो भिंगाखाली दाखवा. ते भिंग त्याच्या हातात द्या.

कायदाही आता याच बाजूचा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तीच चूक केली तर 50 लाखांपर्यंत. ऑनलाइन विकत असाल तर नोव्हेंबर 2023 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. फसव्या मांडणीचे 13 प्रकार त्यांत दिले आहेत. खोटी घाई निर्माण करणं त्यात आहे, आणि नको म्हणणाऱ्याला लाजवणंही आहे. 'नको, मला जुनाटच राहायचं आहे' असं बटण ठेवणं हा त्यातलाच प्रकार.

लाजेपेक्षा अभिमान जास्त टिकतो, आणि तो वस्तूच्या घडणीतून येतो. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. जून 2025 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडाने तशाच चपला कोल्हापूरचं नाव न घेता मांडल्या, तेव्हा गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर पन्नाशीतली माणसं त्यावर तावातावाने बोलत होती. ज्या पायताणाकडे कुणी वळून बघत नव्हतं, त्याच्याविषयी मनात केवढा जीव होता ते तेव्हा दिसलं. कापशी आणि कुरुंदवाडी या चपलांतला फरक सांगा. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने चामडं कसं कमावतात ते सांगा. कारागिराची संमती असेल तर त्याचं नाव जोडीसोबत कार्डावर लिहा, आणि त्याच्या मजुरीत कपात करून ही गोष्ट विकू नका.

"कुठलाही चालेल" याला काय उत्तर द्यायचं, ते संगमनेरच्या एका दुकानातल्या मुलाने मला दाखवलं. लगीनसराईच होती, तसंच दमलेलं कुटुंब, तशीच यादी. त्याने आई आणि मुलीला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. काउंटरवरचे तीन पट्टे उचलून ठेवले आणि एक वडिलांच्या हातात दिला. "जरा कमरेला लावून बघा, आरसा तिकडे आहे," एवढंच म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. वडील थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग आरशापाशी गेले, शर्ट खोचला, पट्टा लावला, एका बाजूला वळून बघितलं. मुलगी काही बोलणार होती, आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बऱ्याच वेळाने ते काउंटरपाशी परत आले आणि खालच्या आवाजात विचारलं, "यात जरा गडद तपकिरी आहे का?"